मागणारी मकेरेता

पत्रकारिता विभागाच्या स्मरणिकेसाठी मकेरेता नाकाउवर चार पानं लिहून द्या, असा मला निरोप आला. माझ्यावर चार पानं लिहायला मकेरेताला मात्र कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे सुरुवातच अशी. मी इतकी वर्षं दैनिकात काम करते, माझं नाव आठवड्यातून तीनचारदा तरी छापून येतं, आणि आमच्या बेटांच्या राजधानीत, सुवाच्या बाजारात दालोचे कंद विकणारी बाई माझ्याकडे निरखून बघत विचारते, "तू मकेरेताची मैत्रीण ना? रेडिओवरच्या?" मी हो म्हणते. ती एक कंद जास्त घालते. मी घरी जाऊन तो कंद शिजवते, ताटात घेते, आणि हाही मकेरेतामुळेच, असं मनात आलं की घास घशाखाली नीट उतरत नाही.

स्मरणिकेत गोड लिहायचं असतं, ठाऊक आहे मला. पण जे खरं असेल ते पहिल्या वाक्यात लिहा, पाल्हाळ नंतर, असं आम्हाला फालेआफा मॅडमनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. खरं हे आहे की मी मकेरेतावर जळते. अगदी पहिल्या आठवड्यापासून जळते.

मी दुसऱ्या बेटावरच्या लाबासाहून आले होते, बोटीने. बरोबर एक पत्र्याची पेटी, आईने घातलेल्या आंब्याच्या लोणच्याची बरणी आणि एक पिवळी छत्री. सुवात पाऊस थांबत नाही म्हणून बाबांनी ती खास घेऊन दिली होती. वसतिगृहाच्या खोलीत शिरले तर दुसऱ्या खाटेवर एक धिप्पाड मुलगी आडवी पडून पाव खात होती. केसांचा हा एवढा गोल, आणि हसू त्याहून मोठं. तिने पेटीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, छत्रीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"लाबासाची ना तू?"

"तुला कसं कळलं?"

"तू यायच्या आधी लोणच्याचा वास आला की." ती उठून बसली. "केरेकेरे, ती छत्री दे ना. मला दुकानात जाऊन यायचंय."

मी दिली. ती दुकानात जाऊन आली, पण छत्री काही माझ्याकडे आली नाही. त्या दिवसापासून ती तिच्या खाटेच्या दांडीला लटकायची. पावसात मी डोक्यावर पिशवी धरून वर्गाकडे पळायचे आणि ती माझ्याच छत्रीखाली आणखी दोन मुलींना घेऊन रमतगमत यायची. वर मला हाक मारायची, "ए लाबासा, भिजतेस कशाला? ये ना आत!"

केरेकेरे हा इथल्या मूळ रहिवाशांचा रिवाज. आपल्या माणसाने काही मागितलं तर द्यायचं, तोंड वाकडं करायचं नाही. नाही म्हणालात तर तू माझी कुणी लागत नाहीस असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं. पणजोबांच्या काळी ऊस तोडायला समुद्रापलीकडून आणलेल्या आमच्यासारख्या घरांनी या रिवाजाला कायम लांबूनच नमस्कार केला. माझे बाबा तर मागण्याच्या बाबतीत फारच कडक. मीठ संपलं तर आमच्याकडे अळणी जेवत, पण शेजारच्या दारात वाटी जायची नाही. द्यावं लागलं तर देऊ, पण हात पसरणार नाही, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले होते.

पहिल्या सुट्टीत वादळ आलं आणि लाबासाची बोट रद्द झाली. वसतिगृह रिकामं होत होतं. मकेरेताने माझी पेटी न विचारता डोक्यावर घेतली आणि मला नाउसोरीजवळच्या तिच्या घरी नेलं. वादळ ओसरेपर्यंत मी तिथे दालो आणि नारळाच्या दुधातला मासा खाल्ला, तिच्या आईच्या कुशीशेजारी चटईवर झोपले. रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर तिच्या आईने माझा हात धरून सांगितलं, "ही माझी धाकटी. आजपासून मला दोन मुली."

मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण मकेरेताने त्याचा अर्थ सरळ घेतला. बहीण म्हटल्यावर मागायला मोकळीक. मग माझ्या चपला गेल्या, लोणच्याची बरणी गेली, हिरवा झगा गेला. झगा तिला होत नव्हता तर तिने तो कुणा मावसबहिणीला दिला, आणि ती मावसबहीण एक दिवस तो घालून माझ्याच समोर येऊन उभी राहिली. "छान आहे ना?" म्हणाली. मी म्हटलं, छान आहे. तीन वर्षांत मी मकेरेताकडे एक टाचणीसुद्धा मागितली नाही. मला त्याचा अभिमान होता. मनात म्हणायचे, घे बाई, घे. मी देणारी आहे, तू मागणारी. एवढीच काय ती माझी शेखी होती, कारण बाकी सगळ्यात ती माझ्या पुढे.

अभ्यासात नव्हे, अभ्यासात मीच पहिली. तिचं लिहिणं म्हणजे आनंदच होता. वाक्य सुरू व्हायचं एका माणसाचं आणि संपायचं तिसऱ्याचं. पण बातमी तिच्याकडे चालत यायची. बाजारातल्या भाववाढीवर लिहायला आम्हाला पाठवलं तेव्हा मी कागदावर प्रश्न काढून नेले होते. भाजीवाल्या बायका मला "हो बाई", "नाही बाई" म्हणाल्या. मकेरेता एका पोत्यावर बसली, कुणाचं तरी अननस कापून खाल्लं, कुणाचं तरी बाळ मांडीवर घेतलं, आणि परतली ती कुणाचा नवरा कुणाचा माल अर्ध्या भावात उचलतो इथपर्यंतची सगळी कुंडली घेऊन. ते लिहिताना तिने नावं चुकवली, आकडे चुकवले. मॅडमनी लाल पेनने पान रक्तबंबाळ केलं आणि खाली लिहिलं, "हिला कान आहेत." माझ्या कागदावर लिहिलं होतं, "अचूक." अचूक! घड्याळाला म्हणतात अचूक. तो कागद मी कितीतरी दिवस उशीखाली घेऊन झोपले, रागाने.

शेवटच्या वर्षी प्रकरण हातघाईवर आलं. विभागाचं एक छोटं वर्तमानपत्र निघायचं, आम्ही विद्यार्थीच ते काढायचो. सुवातल्या एका दैनिकाच्या संपादकांनी मॅडमना कळवलं होतं की वर्षाच्या शेवटच्या अंकात पहिल्या पानावरची मुख्य बातमी ज्याची असेल, त्याला आमच्याकडे पाठवा. शिकाऊ वार्ताहराची एक जागा आहे. एकच.

मला ती जागा हवी होती. हवी होती म्हणजे कशी, ते माझ्या बाबांच्या फोनवरून कळेल. ते म्हणाले, "शालेशनी, वर्ष संपलं की काय ठरलंय तुझं?"

"नोकरी बघतेय, बाबा."

"बघतेस ती मिळाली तर रहा. नाही तर बोटीने परत ये. मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर माणूस हवंय. आणि ते नसेयावाले लोक विचारत होते, मुलाकडचे. मी अजून हो म्हणालो नाही."

"अजून" या शब्दावर त्यांनी जोर दिला होता. खिळे आणि बिजागऱ्या विकत, पंख्याखाली बसून, नसेयाच्या मुलाची वाट बघणारी मी मला स्पष्ट दिसली. त्यानंतर मी दिवसरात्र एकच गोष्ट केली. यंगोना, म्हणजे इथे प्रत्येक समारंभात ज्याची मुळं कुटून पाण्यात कालवून पितात ते झाड, त्याच्या मुळांचे भाव का चढलेत त्यावर बातमी. व्यापाऱ्यांना भेटले, शेतकऱ्यांना फोन केले, बंदरावर जाऊन माल मोजणाऱ्यांशी बोलले. बातमी बिनतोड होती. त्यात एक आकडा इकडचा तिकडे नव्हता.

शेवटच्या अंकासाठी बैठक बसली. एका लांब टेबलाभोवती आम्ही सगळे, टोकाला फालेआफा मॅडम. मॅडम सामोआच्या, तिकडे एका वर्तमानपत्राच्या संपादक होत्या, आवाज खर्जातला, आणि कंटाळा आला की चष्मा काढून पुसायच्या. मी बातमी सांगितली. मॅडमनी चष्मा काढला. पुसला. म्हणाल्या, "चांगली आहे. पहिल्या पानावर जाईल, दुसरं काही नसलं तर."

दुसरं काही नव्हतं. वानुआतूच्या कालोकडे फुटबॉलची बातमी होती, आणि त्याचा स्वतःचाच संघ हरल्यामुळे त्याला ती लिहायची नव्हती. माझा जीव भांड्यात पडू लागला होता, इतक्यात दार उघडून मकेरेता आली. उशिरा, अर्थातच. हातात माझी पिवळी छत्री, तोंडात सकाळी माझ्या डब्यातून उचललेली रोटी.

"उशीर का?" मॅडमनी विचारलं.

"काल आजोळी गेले होते, मॅडम. बादल्या वाहायला. आज अंगच हलत नाही." खुर्चीत बसता बसता ती हसायला लागली. "आमच्याकडे टाकीचे पाहुणे आले होते ना!"

"कुठल्या टाकीचे?"

मग तिने सांगितलं, रोटी खात, मध्येच हसत. तिच्या आईचं माहेर वाइनिसासा, नदीच्या वरच्या अंगाला. तिथे परदेशातल्या एका संस्थेने पाण्याची टाकी बांधून दिली, नळ बसवले, मोठा समारंभ झाला. पुढच्याच वादळात डोंगरावरचा झरा दरडीखाली गेला आणि पाइप कोरडा पडला. पण ज्यांनी एवढ्या प्रेमाने भेट दिली त्यांना ती रिकामी आहे असं सांगायचं कसं? गावाला लाज वाटली. म्हणून दरवर्षी पाहुणे बघायला यायचे असले की गावातल्या बायका पहाटेच नदीवर जातात, रांग लावून हातोहात बादल्या देतात, शिडीवर चढून टाकी भरतात. पाहुणे नळ फिरवतात, पाणी येतं, फोटो निघतात, हार घालतात, जेवतात, जातात. संध्याकाळपर्यंत टाकी पुन्हा ठणठणीत.

"यंदा एक पाहुणी नळाखाली हात धुतच बसली," मकेरेता म्हणाली. "धुतेय आपली, धुतेय. मामी माझ्या कानात म्हणते, 'हिला कुणीतरी थांबवा गं, माझी कंबर गेलीय ते पाणी चढवून!'"

टेबलाभोवती सगळे खो खो हसत होते. मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसायचा थांबवून डोळ्यांवर चढवला होता. "मकेरेता," त्या म्हणाल्या, "हे तू यापूर्वी का सांगितलं नाहीस?"

"यात काय सांगायचं मॅडम? आमच्याकडचं नेहमीचंच आहे."

"पहिलं पान," मॅडम म्हणाल्या. "शालेशनी, तुझा यंगोना आत, तिसऱ्या पानावर."

मी टेबलाची कड घट्ट धरली. तिला कळलंही नव्हतं की ती बातमी आहे! कपाळावरचा घाम पुसावा तशी तिने ती सहज टेबलावर टाकली होती, आणि मी बंदरावर उन्हात उभी राहून राहून काळी पडले होते. हिला आजोळ आहे, मामी आहे, कान आहेत. मला काय आहे? एक अचूक बातमी आणि बिजागऱ्यांचं दुकान.

बैठक संपल्यावर आम्ही बाहेर आंब्याच्या झाडाखाली आलो. मकेरेताने माझ्या डब्याकडे बघितलं. "केरेकेरे, आणखी एक रोटी आहे का गं?"

झालं. माझा ताबा सुटला.

"आहे ना! घे! रोटी घे, डबा घे, मलाच घे एकदाची!" मी एवढ्याने ओरडले की कालो बाकावरून उठला. "तीन वर्षं तू माझ्याकडे मागतेयस. छत्री घेतलीस, चपला घेतल्यास, माझा झगा घालून तुझी बहीण माझ्यापुढून मिरवत गेली. मी कधी हूं की चूं केलं? आज मी मागते. केरेकेरे, मकेरेता. ती बातमी मला दे."

चेष्टेत मागतात तसं हे नव्हतं, आणि रिवाज सगळ्यांनाच माहीत होता. कालो हळूच म्हणाला, "शाले, अगं शब्द परत घे. तिला नाही म्हणता येत नाही."

मी शब्द परत घेतला नाही. आजही घेत नाही. मी मागितलं आणि तिने दिलं. यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मला वाटलं आता मकेरेता रडेल, नाही तर एक ठेवून देईल. हात भारी होता तिचा. तिने पुढे येऊन मला मिठीच मारली, रोटीच्या हातासकट.

"मागितलंस!" ती म्हणाली. "आईला सांगते आज. तीन वर्षं ती मला विचारतेय, धाकटी काही मागते का गं तुझ्याकडे? मी म्हणायचे, नाही आई, एक टाचणीसुद्धा नाही. ती म्हणायची, म्हणजे ती अजून आपल्याला परकंच समजते. आपलंच काहीतरी चुकलं असेल."

तीन वर्षं ज्याला मी माझा मोठेपणा समजत होते, त्याचा त्या घरात हा अर्थ निघत होता. पण मला वाईट वाटायच्या आधी पुन्हा हेवाच वाटला. नोकरी हातातून जात असताना एखाद्या माणसाला मिठी मारता येते? कुठून आणतात लोक असला स्वभाव?

आम्ही दोघी मॅडमकडे गेलो. मॅडमनी दोघींचं ऐकून घेतलं. "तुला कळतंय ना तू काय देते आहेस?" त्यांनी मकेरेताला विचारलं. "जागा एकच आहे."

"कळतंय मॅडम. बहिणीने मागितलं."

मॅडमनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "ऐकीव गोष्ट म्हणजे बातमी नव्हे," त्या मला म्हणाल्या. "गावात जा, स्वतः बघ, स्वतः विचार. त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं आणि छापायला हो म्हटलं, तर ती तुझी."

बसने आणि मग होडीने आम्ही वाइनिसासाला गेलो. मी रिवाजाप्रमाणे यंगोनाच्या मुळांची जुडी घेतली होती, कमरेला इथल्या पद्धतीचं लांब सुलू नेसले होते. मकेरेताचे मामा गावाचे कारभारी. त्यांच्या घरात मी दाराजवळच्या चटईवर पाय मुडपून बसले, जुडी पुढे ठेवली, आणि स्वागताचं बोलणं सुरू व्हायची वाट बघत राहिले. मकेरेता पुढच्या दाराने आलीच नाही. मागच्या बाजूने थेट स्वयंपाकाच्या झोपडीत शिरली, आणि मामीचं ओरडणं ऐकू आलं, "अगं, पातेल्यात हात घालू नकोस, पाहुणीसाठी आहे ते!" लेकीच्या मुलांना इथे आजोळी कुणी अडवत नाही. मामाची कोंबडी उचलून नेली तरी मामाने हसायचं.

मी टाकी पाहिली. काठीने वाजवून पाहिली, पोकळ वाजली. दरड पाहिली, पाइपचं तुटलेलं तोंड पाहिलं. मग सगळे चटईवर बसले आणि मी प्रश्न विचारले. प्रश्न मी विचारायचे, आणि उत्तर द्यायचे ते मकेरेताकडे बघून. माझ्या टेपवर अजून तसंच आहे: "मकेरेता, सांग तिला, त्या वर्षी शिडीवरून आपल्यातली एक घसरली होती ते." मी तिथे असून नसल्यासारखी.

छापायचं म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी माना खाली घातल्या. मामी वासिती म्हणाली, "पोरी, त्यांनी चांगल्या मनाने दिलंय. पेपरात आलं तर त्यांना काय वाटेल?"

मी पाण्याच्या हक्काबद्दल बोलले, पारदर्शकतेबद्दल बोलले. वर्गात शिकलेलं होतं नव्हतं ते सगळं बोलले. माना खालीच.

मकेरेताने मामीच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "मामी, केरेकेरे. मी मागतेय. तुझी कंबर जातेय, पुढच्या वर्षी शिडीवरून माणूस जाईल. सांग ना हिला. ही माझी बहीण आहे, वाईट नाही लिहिणार."

मामीने मामांकडे पाहिलं. मामा हसले आणि मला म्हणाले, तेही पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, "लिही. आम्ही बोलणार नव्हतो. पण भाचीने मागितलं."

लिहिलं मात्र मी. ते श्रेय मी कुणाला देणार नाही. पहिलं वाक्य असं होतं: "वाइनिसासा गावात नळाला वर्षातून एकदाच पाणी येतं, आणि ते नळात यावं म्हणून बायकांना पहाटे नदीवर जावं लागतं." मॅडमनी ते वाचलं आणि लाल पेनाला टोपण घातलं. कुणावर टीका नाही, कुणाची थट्टा नाही. पाहुण्यांच्या भल्या मनाबद्दल मामी जे म्हणाली तेही त्यात होतं. पहिलं पान, वर माझं नाव. जागा मला मिळाली. बाबांनी नसेयावाल्यांना नकार कळवला. मकेरेता ते वर्तमानपत्र घेऊन वसतिगृहाच्या दारोदार फिरली, "माझ्या बहिणीने लिहिलंय" म्हणत. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. म्हटलं, हिला जरासं तरी दुखत नसेल? मी तिच्या जागी असते तर ते पान चुलीत घातलं असतं.

तिने पुढे एका रेडिओ केंद्रावर कुणाच्या तरी बदली काम धरलं. तिथे लिहायचं नव्हतं, बोलायचं होतं. आता सकाळी अख्खा देश तिच्या आवाजाने उठतो. यावर मी आणखी काही लिहिणार नाही; माझी तब्येत बरी नाही.

बातमी त्या संस्थेपर्यंत पोचली. ते रागावले नाहीत, शरमले मात्र. त्यांनी माणसं पाठवली, दरडीच्या वरच्या झऱ्यापासून नवा पाइप आणला. नळाला खरोखरचं पाणी आलं तेव्हा वाइनिसासाने जेवण घातलं आणि मला बोलावणं धाडलं. मला! माझं नाव घेऊन!

मी जरीची ओढणी घेऊन गेले. नोकरी लागली म्हणून आईने लाबासाहून पाठवलेली, एकदाही न वापरलेली. या वेळी मला दाराजवळ बसवलं नाही. थेट वरच्या टोकाला, सगळ्यात बारीक विणीच्या चटईवर, मामांच्या शेजारी. गळ्यात फुलांचा हार घातला. यंगोनाची पहिली करवंटी माझ्या हातात दिली. गावाच्या वतीने एक म्हातारे गृहस्थ बोलले, आणि त्या बोलण्यात माझं नाव तीनदा आलं. मकेरेताचं एकदाही नाही. मी मोजत होते.

इतके दिवस जे हवं होतं ते हेच होतं, नाही का? मी पुढे आणि ती मागे. मान वळवून तिला शोधलं. मागच्या दारातून स्वयंपाकाची झोपडी दिसत होती. ती तिथे होती, बाह्या वर सारलेल्या, तोंडाला काजळी, बायकांच्या घोळक्यात. मामी तिच्या पाठीत धपाटे घालत होती आणि ती एवढ्याने हसत होती की इथे भाषणात अडथळा येत होता. तिला कुणी हार घातला नव्हता. घरच्या माणसाला कशाला कुणी हार घालतं? मी वर बसले होते, ताठ, हाराची फुलं मानेला टोचत होती, आणि माझ्याशी सगळे फार जपून, फार आदराने बोलत होते. टाकीच्या पाहुण्यांशी बोलायचे ना, तसंच. माझ्यासाठीसुद्धा यांनी पहाटे उठून काही भरून ठेवलं असेल का, असं माझ्या मनात आलं. आणि मला तिचा असा हेवा वाटला, असा हेवा वाटला, की मुख्य बातमी गेली तेव्हाही तेवढा वाटला नव्हता.

"शाले! ए लाबासा!"

म्हाताऱ्यांचं भाषण थांबलं.

"केरेकेरे, तुझी ती ओढणी आण गं इकडे! मोठं पातेलं उतरवायचंय, हात भाजतायत!"

"अगं मेले, पाहुणी आहे ती!" मामी किंचाळली. "आणि ती जरीची आहे!"

"कसली पाहुणी?" मकेरेता म्हणाली. "आपलीच आहे. शाले, येतेस ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मामांनी जरा सरकून मला वाट करून दिली. मी हार काढून चटईवर ठेवला, थोरांपुढून जाताना वाकतात तशी वाकून मागच्या दाराने बाहेर पडले, आणि ओढणी काढली. एक टोक तिने धरलं, एक मी. पातेलं फार जड होतं. माशाचा रस्सा हिंदकळून जरीवर सांडला, वर काजळीचा हा एवढा पट्टा उमटला. मामीने माझ्या हातात सुरी दिली आणि म्हणाली, "आता आलीच आहेस तर कांदे चिर."

ओढणी धुऊन परत देईन असं मकेरेता म्हणाली होती. अजून तिच्याकडेच आहे. मागच्या महिन्यात एका लग्नात ती घेऊन आली होती, आणि खरं सांगायचं तर तिला ती माझ्यापेक्षा जास्त शोभते.